तिसऱ्या वेळचं खोटं

मी पाळक आहे असं सांगितलं की दिल्लीतली मराठी माणसं थोडी गोंधळायची. महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात मी अधूनमधून जेवायला जात असे. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी गावाकडची मुलं भेटत. एकाने विचारलं, "म्हणजे फादर ना तुम्ही?" मी म्हटलं, फादर नाही. आम्ही प्रॉटेस्टंट. आम्ही लग्न करतो, पोरांच्या फिया भरतो, बायकोची बोलणीही खातो. आमच्याकडे पडद्याआड बसून पापं ऐकायची कोठडी नसते. तो जरा निराश झाला. "मग पापं ऐकतच नाही तुम्ही?" म्हटलं, ऐकतो, पण समोरासमोर, चहा पीत.

बाहेरच्यांना वाटतं की पाळकाचं काम म्हणजे रविवारचा उपदेश. तो तर आठवड्यातला सगळ्यांत सोपा तास. उरलेले दिवस दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशी बसण्यात, भांडलेल्या भावांना एका खोलीत आणण्यात आणि दफनासाठी जागा मिळवण्यात जातात. कधी गिऱ्हाईकं विचित्रही येतात. एक पंजाबी बिल्डर मला त्याच्या नव्या इमारतीच्या खड्ड्यापाशी प्रार्थना करायला घेऊन गेला होता. पंडित, गुरुद्वारातले ग्रंथी आणि मौलवी आधीच येऊन गेले होते. तो म्हणाला, "कोई छूटना नहीं चाहिए, पादरी साहब." मी प्रार्थना केली. इमारत अजून उभी आहे, श्रेय कोणाचं ते ठाऊक नाही.

मी मूळचा जालन्याचा. नव्वदच्या दशकात मला गाझियाबादच्या बाजूच्या मंडळीवर, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजावर, नेमलं. तेव्हा तिथे मोहरीची शेतं विकली जात होती आणि त्यांच्या जागी पिवळ्या रंगाचे चार मजली फ्लॅट उठत होते. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची, आणि प्रत्येक गच्चीवर डिश. आम्हांला चर्चची इमारत नव्हती. एका शाळेचा हॉल रविवारी मिळायचा. उपासना हिंदीत, आणि महिन्यातून एकदा मराठीत. त्या मराठी उपासनेला नर्सा, कारकून, फौजेतले जवान आणि कारखान्यांतले फिटर येत.

तिथेच सरोज साळवे मला भेटली. ती मिरजेकडची, नर्सिंग शिकलेली, चाळिशीच्या आसपासची. आवाज चांगला, म्हणून गाणाऱ्यांत पुढे. नवरा प्रभाकर साहिबाबादच्या एका कारखान्यात फोरमन होता. बाहेरचा स्वस्त माल बाजारात आल्यावर तो कारखाना बंद पडला, आणि तेव्हापासून तो घरीच होता. मुलगी रूथ दहावीला. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. एकदा तिने मला विचारलं होतं, "पादरी अंकल, पापांगीकार मतलब एक्झॅक्टली काय?" मी म्हटलं, आपण चुकलो हे देवासमोर कबूल करणं. ती म्हणाली, "अच्छा, सॉरी." मी म्हटलं, सॉरीपेक्षा थोडं जास्त.

घर सरोजच्या पगारावर चालत होतं. ती एका खाजगी दवाखान्यात होती. तिथे गरोदर बायकांची सोनोग्राफी व्हायची.

आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. सगळे एकत्र पापांगीकार म्हणतात, मग एकेक जण पुढे येऊन भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतो. कोण पुढे आलं नाही हे पाळकाला दिसतं, पण तो विचारत नाही. कोणाचं घरात भांडण झालेलं असतं, कोणी दारू पिऊन आलेला असतो. माणूस सहसा पुढच्या महिन्यात येतो. सरोज आली नाही. गाणं म्हणायची, मग गाणाऱ्यांच्या बाकावर तशीच बसून राहायची. असं बरेच महिने चाललं. मी थांबून राहिलो. थांबणं हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे आणि तो पाळकांच्या कोणत्याही सेमिनरीत शिकवत नाहीत.

एका रविवारी उपासना संपली, लोक सतरंज्या गुंडाळत होते, तेव्हा ती म्हणाली, "पाळकसाहेब, तुमच्याशी बोलायचंय. लीलाताई असल्या तरी चालेल." लीला माझी पत्नी. आम्ही तिला घरी घेऊन गेलो.

तिने सांगितलं ते असं. दवाखान्याच्या भिंतीवर कायद्याची पाटी होती, की गर्भ मुलाचा की मुलीचा हे इथे सांगितलं जात नाही. डॉक्टर मॅडम खरंच तोंडाने काही सांगत नसत. तपासणी झाली की त्या सरोजला म्हणत, "इनको चाय पिला दो," किंवा "इनको पानी पिला दो." चाय म्हणजे मुलगा. पानी म्हणजे मुलगी. मग सरोज बाहेर जाऊन बाईच्या सासूला किंवा नवऱ्याला हळूच खरं काय ते सांगायची. पुढचं सगळं दुसरीकडे व्हायचं. तिने कधी कोणाच्या अंगाला सुरी लावली नव्हती.

"मी फक्त सांगत होते," ती म्हणाली. "खूप दिवस मी स्वतःला हेच समजावलं. मी खोटं बोलत नाही, चोरी करत नाही, जे आहे ते सांगते. पण पापांगीकार म्हणताना जीभ अडायला लागली."

बबिता नावाची एक तरुण बाई दोनदा तिथे येऊन गेली होती. दोन्ही वेळा पानी. दुसऱ्या वेळी रूथ घरी तापाने फणफणलेली होती, आणि सरोज मधूनमधून रिसेप्शनवरून घरी फोन करत होती. मग बबिता तिसऱ्यांदा आली. टेबलावर झोपल्यावर तिने सरोजकडे बघून विचारलं, "दीदी, आपकी बेटी का बुखार उतर गया था?"

डॉक्टर म्हणाल्या, "इनको पानी पिला दो." सरोज बाहेर गेली. सासू बाकावर बसली होती. सरोजने सांगितलं, "लड़का है."

 लीलाने तिच्यापुढे पाणी ठेवलं. सरोजने विचारलं, "हे खोटं पाप आहे का?"

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, राजाशी खोटं बोलून बाळं वाचवणाऱ्या सुइणींची गोष्ट आहे. मला तीच आठवली आणि मी तिला तीच सांगितली. ती गोष्ट तिला चांगली ठाऊक होती. ती म्हणाली, "त्या सुइणींनी आधी कोणाला मारायला मदत केली नव्हती, साहेब."

 मी तिला एवढंच सांगितलं की ती नोकरी सोड. बाकीचं आपण नंतर बघू. आणि प्रभूचं मेज, म्हणजे ते प्रभुभोजन, हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नाही, तू पुढे ये. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. पण हात पुढे येत नाही."

तिने लगेच नोकरी सोडली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण भक्तिपर पुस्तकांतली माणसं एका प्रार्थनेत बदलतात आणि आमची तशी बदलत नाहीत. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. त्या आठवड्यात आणखी बायका आल्या, आणि त्यांच्या घरच्यांना तिने खरं तेच सांगितलं. मला येऊन म्हणाली, "खोटं बोलायचं धैर्य एकदाच आलं. आता सगळ्यांना चाय म्हटलं तर पकडले जाईन. म्हणजे एकीला वाचवलं आणि बाकीच्यांना सोडून दिलं." मी साळव्यांच्या घरी गेलो तेव्हा प्रभाकरने मला दारातच गाठलं. तो भला माणूस होता, पण घरी बसून बसून कडवट झाला होता. म्हणाला, "तुमचं घर मंडळी चालवते, पाळकसाहेब. आमचं कोण चालवणार? रूथची दहावी आहे." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी चहा घेतला आणि परत आलो.

पुढे एका सकाळी सरोजने डॉक्टरांना सांगितलं की मी आत सगळं काम करीन, पण बाहेर सांगायला जाणार नाही. डॉक्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "फिर मुझे तुम्हारी क्या ज़रूरत है?" सरोज पर्स घेऊन घरी आली. नंतर तिला नोएडात एका म्हाताऱ्या निवृत्त अधिकाऱ्याची शुश्रूषा करण्याचं काम मिळालं. दोन बस बदलून जायचं आणि पगार कमी. प्रभाकर काही दिवस तिच्याशी बोलला नाही. मग एक दिवस त्याने स्वतः स्वयंपाक करून ठेवला. त्यांच्यात समझोता असाच झाला, बोलून नाही.

मला वाटलं प्रकरण संपलं. पण मेजाकडे ती अजूनही येत नव्हती.

थंडीच्या सुरुवातीला तिला तिच्या जुन्या दवाखान्यातली आया बाजारात भेटली. तिच्याकडून कळलं की बबिताला मुलगी झाली. सासूने दवाखान्यात येऊन तमाशा केला. डॉक्टरांनी नोकरी सोडून गेलेल्या नर्सवर सगळं ढकललं. आणि सासरच्यांनी बबिताला बाळासकट पानिपतला भावाकडे पाठवून दिलं, ते परत न नेण्यासाठी. आया त्याच बाजूची होती. तिला मोहल्ला माहीत होता.

सरोज माझ्याकडे आली आणि म्हणाली की मला तिला जाऊन सांगायचं आहे.

अशा वेळी पाळकाने एक गोष्ट तपासायची असते. माणूस कबुली द्यायला निघतो तेव्हा पुष्कळदा तो स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकायला निघालेला असतो. मी तिला विचारलं, "तुझं मन हलकं व्हावं म्हणून जाणार असशील तर जाऊ नकोस. तिच्या हातात तू काय देणार आहेस?" ती विचार करून म्हणाली, "अजून माहीत नाही. पण तिला असं वाटत असेल की मशीन चुकलं. निदान ते तरी खरं कळू दे."  मग लीलानेच ठरवलं की आपण तिघं जाऊ.

आम्ही बसने पानिपतला गेलो. लढाईचं पानिपत प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यात असतं. बसमधून उतरल्यावर दिसलं ते दुसरंच. खड्ड्यांचा रस्ता, मागांचा खडखडाट आणि हवेत लोकरीचा धुरळा. परदेशातून जुन्या स्वेटरांचे गठ्ठे तिथे येतात. ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या स्वस्त घोंगड्या विणतात. त्याआधी कपड्यांची बटणं आणि चेनी कापून काढायच्या असतात. ते काम बायका करतात.

बबिता अशाच एका पत्र्याच्या शेडमध्ये बसली होती. समोर स्वेटरांचा ढीग, हातात छोटी कात्री. शेजारी लोकरीच्या तुकड्यांवर बाळ झोपलं होतं. तिने सरोजला ओळखलं. उठली नाही, पण सरकून जागा केली. लीला आणि मी दाराशी थांबलो. सगळं ऐकू येत होतं.

सरोजने जास्त फिरवाफिरव केली नाही. तिने सांगितलं की मशीन चुकलं नव्हतं. पोटात मुलगी आहे हे मला माहीत होतं, मी खोटं बोलले, आणि त्यापायी तुझं घर गेलं. मी त्याची माफी मागायला आले आहे.

बबिताने कापत असलेलं बटण पूर्ण कापलं आणि डब्यात टाकलं. मग ती म्हणाली, "दो बार सच बोला, तब तो नहीं आई माफी माँगने. अब झूठ की माँगने आई हो?"

 शेडमधल्या दुसऱ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. मग सरोज, जी आतापर्यंत उकिडवी बसली होती, ती खाली जमिनीवर टेकली आणि म्हणाली, "त्या दोघींची मागते. त्यांचीच मागायची होती. मी चुकीची माफी घेऊन आले." ती हे मराठीत बोलली. तिला ते कळलंही नसावं. मग तेच तिने हिंदीत सांगितलं.

बबिता रडली नाही आणि तिने माफ केलं असंही म्हटलं नाही. तिने बाळाच्या अंगावरचा कपडा सारखा केला. मग अगदी कामाचं बोलावं तसं बोलली. वहिनी रोज टोमणे मारते. भाऊ होळीपर्यंत ठेवीन म्हणतो. या धुरळ्याने मुलीला खोकला झाला आहे. तुम्ही नर्स आहात, तर हिला जरा बघा. सरोजने बाळाला मांडीवर घेतलं, छातीला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, हिला इथून हलवायला हवं.

परतीच्या बसमध्ये सरोज खिडकीबाहेर बघत होती. करनालकडून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. बस एका जागी थांबली तेव्हा ती म्हणाली, "लीलाताई, ती आमच्याकडे राहिली तर?" लीलाने माझ्याकडे बघितलं. मी प्रभाकरचा विचार करत होतो.

प्रभाकर आधी नाहीच म्हणाला. दोन खोल्यांचं घर, वयात आलेली मुलगी, आणि एक परकी बाई तिच्या बाळासकट. शिवाय सासरचे दारात आले तर? त्याचे सगळे मुद्दे रास्त होते. रूथने मध्येच विचारलं, "मम्मी, तीच ना, जिने माझ्या फीव्हरचं विचारलं होतं?" तिला हे आईने कधी सांगितलं होतं कोण जाणे. प्रभाकरने हे पहिल्यांदाच ऐकलं. कोणता ताप, कोणी विचारलं, असं त्याने विचारलं आणि सरोजने सांगितलं. तो उठून बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "होळीच्या आत आणा. नंतर कूलर लावायचा म्हणजे खाट हलवावी लागेल."

त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला सरोज पुढे आली. मी तिच्या तळहातावर तुकडा ठेवला. बाकी काही झालं नाही. आकाश वगैरे उघडलं नाही.

बबिता साळव्यांकडे आली. सरोजने तिला आजारी माणसाची देखभाल कशी करायची ते शिकवलं. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, नाडी कशी मोजायची. नव्या वसाहतींत म्हातारे आईबाप एकटे राहू लागले होते, मुलं परदेशी निघाली होती. या कामाला माणसं मिळत नव्हती. बबिताला काम मिळालं. दिवसभर दोघी बाहेर असत आणि बाळाला प्रभाकर सांभाळत असे. साहिबाबादचा फोरमन दुपटी वाळत घालतो म्हणून शेजारी हसत. तो त्यांच्याकडे लक्ष देत नसे. त्याच्याच हट्टाने मुलीचं नाव आशा ठेवलं. ते हिंदीतही चालतं, म्हणून बबितालाही पसंत पडलं.

सासरचे एकदा आले, प्रभाकरने त्यांना बसवून पाणी दिलं, आणि बबिता आतून बाहेर आलीच नाही. पुन्हा ते आले नाहीत.

लोक विचारतात म्हणून सांगतो, बबिता ख्रिस्ती झाली नाही. तिला तसं कोणी विचारलंही नाही. ती तिचे उपवास धरायची, सरोज आपल्या प्रार्थना करायची. पुढे बबिताने जवळच एक खोली घेतली, पण रविवारचं जेवण साळव्यांकडेच असे.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला होता. मी आयुष्यभर क्षमेवर बोललो. देव क्षमा करतो हे मी मानतो, आणि त्यावर कित्येक माणसांना मरणाच्या दारात धीरही दिला आहे. पण ज्याचं नुकसान झालं तो माणूस काय करतो, हे मला फार थोड्या वेळा बघायला मिळालं. निवृत्तीच्या आधी मी सगळ्यांचा निरोप घ्यायला फिरत होतो, तेव्हा बबिताच्या खोलीवरही गेलो. आशा शाळेतून येऊन गृहपाठ करत होती. मी बबिताला सरळ विचारलं, की तुम्ही सरोजला माफ केलंत का?

तिने मुलीला दुकानातून काहीतरी आणायला पाठवलं. मग म्हणाली, "रोज़ थोड़ा करती हूँ, पादरी साहब. किसी दिन नहीं भी होता." तिने पुढे सांगितलं, "दीदी को बता देना. मुझसे नहीं कहा जाता."

मी तिथून साळव्यांकडे गेलो. सरोज स्वयंपाकघरात होती. मी जसंच्या तसं सांगितलं. ती गॅससमोर उभी राहून ऐकत होती. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ख्रिस्ती माणसाला वाटत असतं की क्षमा एकदाच मिळावी, पावती फाडल्यासारखी, म्हणजे पुन्हा मागायला नको. पण पापाशी भांडणही रोजचं असतं, हे तिने माझ्यापेक्षा जवळून बघितलं होतं.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. एखाद्या दिवशी होत नाही, म्हणाली."

सरोजने हात पुसले.

"म्हणजे सुरू आहे," ती म्हणाली, आणि रविवार नसूनही परातीत बबिता-आशापुरतं आणखी पीठ घेऊन पाणी घातलं.